ताप नसलेल्या माणसातला हिवताप

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "हिवतापावर औषधे आहेत, मच्छरदाण्या आहेत, आता तर पुण्यात लसही तयार होते. २०३० पर्यंत भारतातून हिवताप जाणार असेही ऐकतो. मग जगभर अजून संशोधन कशावर चालले आहे? आणि मला या क्षेत्रात यायचे असेल तर सुरुवात कुठून करू?"

वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. पुढची वीसेक वर्षे हिवतापातच गेली. औषधांचा गुण येतो की नाही हे तपासणारे अभ्यास केले, गावोगाव रक्त सर्वेक्षणे केली, आणि आता तरुण डॉक्टरांना व प्रयोगशाळा तंत्रज्ञांना शिकवते. त्यामुळे माझे उत्तर गावाच्या बाजूने येईल.

आपल्याकडची बहुतेक साधने ताप आलेल्या माणसासाठी घडवलेली आहेत. ताप येतो, आशाताई बोटाला टोचून किटवर तपासते, गोळ्या देते, माणूस बरा होतो. मृत्यू कमी करायला एवढे पुरते. पण रोग जगातून घालवायचा तर ज्याला ताप नाही, जो दवाखान्याची पायरी चढणारच नाही, त्याच्या अंगातला परजीवी गाठावा लागतो. आजचे बरेचसे महत्त्वाचे संशोधन याच एका अडचणीभोवती फिरते आहे.

ही अडचण मला पहिल्यांदा नीट समजली ती एका नोव्हेंबरात. भामरागड तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही घरोघर रक्तनमुने घेत होतो. धानकापणीचे दिवस होते. तिशीतला एक माडिया शेतकरी पहाटेपासून खळ्यावर भारे वाहत होता. ताप नाही, थंडी नाही, डोकेदुखीसुद्धा नाही. बोट पुढे करायला तो तयारच होईना. "मला काय झालंय?" असे त्याने विचारले, आणि त्याच्या जागी त्याचे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी केंद्रावर त्याची काचपट्टी जेएसबी रंगात बुडवून तेलाच्या भिंगाखाली धरली, तर फाल्सिपेरमच्या, म्हणजे हिवतापाच्या परजीवीच्या एका जातीच्या, चंद्रकोरी दिसल्या. या चंद्रकोरी म्हणजे गॅमेटोसाइट, परजीवीची नर-मादी रूपे. माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण डासाने रक्त ओढले की पुढचे चक्र त्यांच्यापासूनच सुरू होते. तो धडधाकट माणूस त्या पाड्यावरच्या पुढच्या कितीतरी तापांचा उगम असणार होता. आमच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे ताप आला की तपासा या पद्धतीत, तो कधीच सापडला नसता.

तुम्ही वाचाल त्यात दोन शब्द सारखे येतील. एखाद्या देशातून वा प्रदेशातून स्थानिक प्रसार थांबवणे म्हणजे दूरीकरण. सलग तीन वर्षे एकही स्थानिक रुग्ण नसेल तर जागतिक आरोग्य संघटना तसे प्रमाणपत्र देऊ शकते. श्रीलंकेला ते २०१६ मध्ये मिळाले, चीनला २०२१ मध्ये, इजिप्तला २०२४ मध्ये. साऱ्या जगातून परजीवी नाहीसा करणे म्हणजे समूळ उच्चाटन. त्यापासून आपण बरेच दूर आहोत. २०२३ या एका वर्षात जगात अंदाजे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुले सर्वांत जास्त.

उच्चाटनाचा एक प्रयत्न आधी होऊन गेला आहे, आणि तो का फसला हे समजल्याशिवाय आजच्या संशोधनाची निकड कळत नाही. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटनाची मोहीम जाहीर केली. हाताशी डासांसाठी डीडीटी आणि परजीवीसाठी क्लोरोक्विन होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची आफ्रिका जवळजवळ बाहेरच ठेवली गेली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये उच्चाटन कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखाच्या घरात आले. श्रीलंकेत १९६३ मध्ये फक्त १७ रुग्ण नोंदले गेले होते. मग हात सैल पडले. पैसा आटला, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, परजीवी क्लोरोक्विनला. श्रीलंकेत साठीच्या दशकाच्या शेवटी लाखोंची साथ आली. भारतात १९७६ मध्ये ६४ लाख रुग्ण झाले. जागतिक मोहीम १९६९ मध्येच गुंडाळली गेली होती.

त्या काळात आणखी एक नुकसान झाले. रोग जातोच आहे तर संशोधन कशाला, असे वाटून नवी औषधे, नवी कीटकनाशके, नवे कीटकशास्त्रज्ञ यांच्याकडे दुर्लक्ष झाले. रोग परत आला तेव्हा त्याला ओळखणारी माणसेच कमी होती. २००७ मध्ये पुन्हा उच्चाटनाची हाक दिली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा काय माहीत नाही त्याची यादी केली. 'मलेरा' नावाने ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर ती यादी आधी पाहा.

आता त्या खळ्यावरच्या शेतकऱ्याकडे परत येते. जिथे हिवताप वर्षानुवर्षे आहे तिथे मोठ्या माणसांत थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. परजीवी अंगात असतो, पण इतका विरळ की ताप येत नाही. चांगल्या तंत्रज्ञाला एका मायक्रोलिटर रक्तात पन्नासेक परजीवी असले तर काचपट्टीवर दिसतात. जलद निदान किटला साधारण शंभर ते दोनशे लागतात. त्याच्या खालचे सगळे 'निगेटिव्ह' म्हणून घरी जातात. पीसीआरने पाच परजीवीही सापडतात, पण पीसीआर यंत्र पाड्यावर नेता येत नाही. म्हणून विजेशिवाय किंवा छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या, रेणूंच्या पातळीवर शोध घेणाऱ्या चाचण्यांवर काम चालू आहे. दुसरा प्रश्न असा की इतके विरळ परजीवी असलेला माणूस डासाला खरोखर किती संसर्ग देतो. हे ठरवायला प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांना अशा माणसांचे रक्त पाजून, आठवडाभराने एकेका डासाचे पोट फाडून पाहावे लागते. अतिशय कष्टाचे काम आहे. त्याची उत्तरे प्रदेशागणिक वेगळी येतात, म्हणून एका देशाचा निष्कर्ष उचलून दुसऱ्या देशात लावता येत नाही.

ओडिशाने यंत्राची वाट पाहिली नाही. २०१७ पासून 'दमन' या कार्यक्रमात दुर्गम गावांत वर्षातून दोनदा शिबिरे घेऊन ताप असो नसो, सगळ्यांचे रक्त तपासले, जे पॉझिटिव्ह निघाले त्यांना औषध दिले, आणि त्याच सुमारास मच्छरदाण्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या. २०१७ मध्ये राज्यात साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते, ते २०१९ मध्ये चाळीस हजारांखाली आले. पुढे रुग्ण पुन्हा वाढले. घट किती मच्छरदाण्यांमुळे आणि किती तपासणीमुळे, आणि शिबिरे थांबवली तर किती महिन्यांत परत चढते, हे नेमके कळणे फार गरजेचे आहे, कारण गडचिरोली आणि बस्तर यांना तेच उत्तर हवे आहे. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातल्या १,२३३ गावांत झालेला प्रकल्प याच अंगाने वाचा. तिथे नवे औषध नव्हते, नवी लस नव्हती. नेमलेला कार्यकर्ता ठरल्या दिवशी गावात पोचतो की नाही, त्याच्या पिशवीत किट आणि गोळ्या आहेत की नाही, यावर काटेकोर लक्ष ठेवले गेले, आणि तीन वर्षांत स्थानिक रुग्ण ९० टक्क्यांहून अधिक घटले. अनेक जण याला संशोधन मानत नाहीत. माझ्या मते आपल्या देशाला सर्वांत जास्त गरज याच संशोधनाची आहे. चीनचे '१-३-७' सूत्रही याच जातीचे आहे: एका दिवसात नोंद, तीन दिवसांत संसर्ग कुठून आला याचा तपास, सात दिवसांत त्या वस्तीत कारवाई. ऐकायला सोपे वाटते. मी काम केले त्या एका केंद्रावर काचपट्टीचा निकाल यायला पावसाळ्यात तीन आठवडे लागायचे. तोवर तो माणूस बांधकामाच्या कामाला कुठल्या कुठे गेलेला असायचा.

परजीवीची दुसरी लपण्याची जागा यकृतात आहे, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मला हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटतो.

फाल्सिपेरम रक्तातून गेला की गेला. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचे तसे नाही. डासाने सोडलेल्या परजीवींपैकी काही यकृतात जाऊन झोपून राहतात. काही आठवड्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनी जागे होतात आणि डास न चावताच पुन्हा ताप येतो. या झोपलेल्या रूपाला हिप्नोझॉइट म्हणतात. यकृताच्या पेशींत ते प्रत्यक्ष दाखवले गेले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. ते रक्तात नसतात, त्यामुळे काचपट्टी, किट, पीसीआर, काहीही केले तरी दिसत नाहीत. दुसरे असे की फाल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत अखंड वाढवता येतो, व्हायवॅक्स अजूनही तसा वाढवता येत नाही. त्याला कोवळ्या लाल पेशी लागतात आणि त्या बशीत टिकवणे कठीण असते. त्यामुळे व्हायवॅक्सवरचे प्रत्येक औषध, प्रत्येक लस, रुग्णाकडून घेतलेल्या ताज्या रक्तावर अवलंबून राहते. फाल्सिपेरमच्या मानाने हे संशोधन मागे पडले त्याचे हे एक मोठे कारण आहे.

झोपलेल्या परजीवीला मारणारे जुने औषध प्रायमाक्विन. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस देतात. आश्रमशाळेतली एक मुलगी माझ्याकडे एकाच वर्षात तीनदा तापाने आली. तिसऱ्या वेळी मी तिच्या आईला रागावले. आईने पाचव्या दिवशी गोळ्या थांबवल्या होत्या: ताप गेला होता, आणि उपाशी पोटी गोळी घेतली की पोरीच्या पोटात कळ यायची. सकाळी घरात खायला काही असते का, हे मी विचारलेच नव्हते. त्या रागावण्याचे मला आजही वाईट वाटते. १४ दिवसांचा औषधोपचार कागदावर लिहायला एक ओळ लागते, पण तो पुरा होण्यासाठी त्या घरात १४ सकाळी न्याहारी असावी लागते.

त्यात जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या माणसाला प्रायमाक्विन दिले तर लाल पेशी फुटतात, लघवी गडद काळपट होते, जिवावर बेतू शकते. ही कमतरता हिवतापाच्या प्रदेशांतच जास्त आढळते, आपल्या काही आदिवासी समाजांतही. म्हणून डॉक्टर घाबरून औषध टाळतात, आणि परजीवी यकृतात सुखाने राहतो. टाफेनोक्विन हे एकाच मात्रेत काम करणारे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ब्राझीलने ते सार्वजनिक आरोग्यसेवेत आणले आहे. पण ते शरीरात कित्येक आठवडे राहते. त्रास सुरू झाला तर 'उद्यापासून गोळी बंद' म्हणता येत नाही. त्यामुळे आधी जी६पीडीचे प्रमाण मोजणारी चाचणी हवी, आणि ती उपकेंद्रावर करता आली पाहिजे. हातात मावणारी यंत्रे आली आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यात ती कशी चालतात, नर्सताईला तो आकडा कसा समजतो, यावर अभ्यास हवे आहेत. सात दिवसांच्या प्रायमाक्विनलाही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली, ती मात्रा रोज दुप्पट असते.

आणि ज्याच्या यकृतात परजीवी झोपला आहे तो माणूस ओळखायचा कसा? इथे मला फार आवडलेला एक मार्ग मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटच्या गटाने काढला. परजीवी दिसत नसेल तर त्याने मागे ठेवलेल्या प्रतिपिंडांच्या खुणा वाचायच्या. थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरच्या लोकांचे रक्त तपासून त्यांनी व्हायवॅक्सची आठ प्रथिने निवडली. त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून मागच्या नऊ महिन्यांत संसर्ग झाला होता का, हे साधारण ८० टक्के अचूकतेने सांगता येते. नऊ महिन्यांत संसर्ग झाला असेल तर यकृतात काहीतरी झोपलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणून त्याला पूर्ण उपचार द्यायचे. सगळ्या गावाला औषध देणे आणि फक्त तापकऱ्यांना देणे या दोन टोकांमधली ही वाट आहे. आपल्या लोकसंख्येत, आपल्या परजीवीवर ती किती चालते हे तपासणे हा तुमच्या पिढीचा विषय होऊ शकतो.

लपण्याचा तिसरा प्रकार म्हणजे परजीवीचे बदलणे. जलद किट फाल्सिपेरमचे एचआरपी-२ नावाचे प्रथिन पकडते. ते प्रथिन बनवणारे जनुकच ज्याने गाळून टाकले आहे असा परजीवी २०१० मध्ये पेरूमध्ये आढळला. २०१६ च्या सुमारास एरिट्रियात तापाने फणफणलेली मुले किटवर निगेटिव्ह येऊ लागली, कारण हेच. आता नियम असा की अशा बदलामुळे पाच टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटत असतील तर देशाने किट बदलावे. औषधांचेही तेच. आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चीनच्या तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा कंबोडियाच्या पश्चिम सीमेवर त्या औषधाला परजीवी सावकाश दाद देतो आहे हे कळून सात-आठ वर्षे झाली होती. त्यामागचे के-१३ जनुकातले बदल २०१४ मध्ये ओळखले गेले. पुढे तसलेच बदल रवांडा, युगांडा, एरिट्रिया इथे स्वतंत्रपणे उगवले. आशियातून वाहून गेले नाहीत, तिथेच जन्मले, आणि हे जास्त काळजीचे आहे. नवी, आर्टेमिसिनिन नसलेली औषधे चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत आली आहेत. गानाप्लासाइड आणि ल्युमेफॅन्ट्रिनची जोडी त्यांत सर्वांत पुढे आहे.

औषध चालते का हे बघणारा अभ्यास कसा असतो ते सांगते, कारण बाहेरून तो कंटाळवाणा वाटतो. रुग्णाला समोर बसवून गोळी द्यायची, अर्ध्या तासात ओकली का बघायचे, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी काचपट्टी घ्यायची. पुन्हा परजीवी दिसला तर तो जुनाच उरला आहे की नव्या डासाने दिला, हे जनुकीय ठशांवरून ठरवायचे. अठ्ठाविसाव्या दिवशी रुग्णाला शोधण्यासाठी मी नाले ओलांडले आहेत, लग्नाच्या मांडवात बसून रक्त घेतले आहे. एक रुग्ण हरवला तर निष्कर्ष लंगडा होतो. ईशान्य भारतात आर्टेमिसिनिनच्या जोडीचे सल्फा औषध निकामी होत असल्याचे अशाच अभ्यासांतून कळले आणि २०१३ मध्ये तिथले उपचार बदलले गेले.

डासांकडे वळते. औषध लावलेल्या मच्छरदाणीने २००० नंतर आफ्रिकेत जितके जीव वाचवले तितके दुसऱ्या कशानेच नाही. आता डास जाळीला लावलेल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला सरावले, म्हणून क्लोरफेनापायरसारखे वेगळ्या पद्धतीने मारणारे औषध जोडलेल्या जाळ्या आल्या, २०२३ मध्ये त्यांची शिफारस झाली. पण जाळी घरात टांगलेली आणि माणूस रानात, हे आमच्याकडचे दुखणे राहतेच. धान राखायला शेतकरी मांडवावर झोपतो, डोंगरउतारावरच्या ओढ्यात वाढणारा फ्लुव्हिएटिलिस जातीचा डास तिथे त्याला चावतो. रात्रभर एक कीटक समाहारक टॉर्च आणि नळी घेऊन दर तासाला किती डास कुठे बसतात हे नोंदतो तेव्हाच हे समजते. घराबाहेरचे चावे थांबवायचे मार्ग अजून थोडे आहेत. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध माणसांना देऊन त्यांचे रक्त डासाला विषारी करायची कल्पना केनियातल्या क्वाले भागात मोठ्या चाचणीत आजमावली गेली. २०२५ मध्ये आलेल्या निकालात नवे संसर्ग २६ टक्क्यांनी कमी दिसले. एकट्याने पुरणारे नाही, जोडीला घेण्यासारखे आहे.

एका डासाचा आपल्या मातीशी संबंध आहे. ॲनोफिलीस स्टीफेन्सायचे वर्णन १९०१ मध्ये लिस्टन यांनी केले, तेव्हा त्यांचा अभ्यास एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या डासांवर चालला होता. हा शहरी डास आहे. गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामावरचे पाणी त्याला पुरते. मुंबईत टाक्यांना घट्ट झाकणे आणि शिडी लावण्याच्या नोटिसा येतात त्या याच्यामुळे. २०१२ मध्ये हा डास जिबूतीत सापडला. त्या देशात त्या वर्षी २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, घाना. आफ्रिकेचा हिवताप मुख्यतः खेड्यातला, तो आता झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत शिरतो आहे. टाक्यांवरचा मुंबईचा शंभर वर्षांचा अनुभव तिथल्या लोकांना उपयोगी पडेल असा आहे, आणि तो नीट लिहून काढलेला फारसा नाही याची मला खंत आहे.

डासांची जनुके बदलून त्यांची संख्याच कोसळवायचे प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २०१८ मध्ये पिंजऱ्यात यशस्वी झाले. पण मोकळ्या हवेत असे डास अजून सोडलेले नाहीत, आणि बुर्किना फासोच्या सरकारने २०२५ मध्ये त्या देशातले संबंधित काम थांबवले. गावकऱ्यांची संमती म्हणजे काय, एकदा सोडलेले परत घेता येत नाही तेव्हा हो कोणी म्हणायचे, हे प्रश्न जनुकांपेक्षा सोपे नाहीत.

लसीबद्दल तुम्ही विचारलेत. पहिली आरटीएस,एस, तिची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. दुसरी आर२१, ऑक्सफर्डमध्ये घडलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी, ऑक्टोबर २०२३ मध्ये. चार आफ्रिकी देशांतल्या ४,८०० मुलांवरच्या चाचणीत, हंगामी हिवतापाच्या ठिकाणी पहिल्या वर्षी तिने सुमारे ७५ टक्के आजार टाळला. चार डॉलरच्या आत मिळणारी मात्रा पुण्याहून निघते आणि कोत दिव्हारमधल्या बाळापर्यंत पोचते, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण गडचिरोलीत लोक विचारतात, "आम्हाला कधी?", तेव्हा मला खरे सांगावे लागते. या लसी फाल्सिपेरमच्या आहेत, व्हायवॅक्सवर चालत नाहीत. त्या लहान मुलांना आजार आणि मरण यांपासून वाचवण्यासाठी आहेत, प्रसार थांबवण्यासाठी नाहीत. आपल्याकडे रोग मोठ्यांनाही होतो आणि व्हायवॅक्सचा वाटा मोठा आहे. शिवाय डासाने सोडलेले परजीवी तासाभरात यकृतात शिरतात. तेवढ्या वेळात सगळे अडवायचे तर प्रतिपिंड भरपूर हवेत, आणि ते महिन्यागणिक उतरत जातात. म्हणून वर्षाने पुन्हा मात्रा द्यावी लागते.

म्हणूनच प्रसार रोखणाऱ्या लसींकडे माझे जास्त लक्ष आहे. त्या टोचलेल्या माणसाच्या रक्तातले प्रतिपिंड डासाच्या पोटात जाऊन परजीवीची वाढ थांबवतात. टोचून घेणाऱ्याला स्वतःला लगेच फायदा नाही, गावाला आहे. भुवनेश्वरच्या आयसीएमआरच्या संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केलेली 'ॲडफाल्सीव्हॅक्स' ही संभाव्य लस यकृताआधीचा आणि डासातला असे दोन्ही टप्पे धरते. अजून माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत. तयार प्रतिपिंडच टोचण्याचा मार्गही आहे. मालीमध्ये एका मोठ्या मात्रेने सहा महिने ८८ टक्के संरक्षण दिले. किंमत खाली आली तर बाहेरून मजुरीला येणाऱ्या लोकांसाठी हे फार उपयोगी ठरेल.

२०३० बद्दल माझे मत विचाराल तर देशातले बहुतेक जिल्हे शून्यावर येतील, पण व्हायवॅक्स आणि जंगलपट्टी यांना जास्त वेळ लागेल. पैशाची अडचण आहेच. २०२३ मध्ये जगाला हिवतापासाठी ८.३ अब्ज डॉलर हवे होते, मिळाले चार. रुग्ण कमी झाले की पहिली कात्री याच कामाला लागते, हे साठीच्या दशकात पाहून झाले आहे.

आता तुमची सुरुवात. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आणि तिची पणजीसह ठिकठिकाणची क्षेत्रीय केंद्रे आहेत. गोवा मेडिकल कॉलेजात वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबर व्हायवॅक्स-फाल्सिपेरमवर दीर्घकाळ काम झाले आहे. जनुकीय विश्लेषण शिका, ते लागेलच. कीटकशास्त्र शिकलात तर आणखी बरे, कारण डास ओळखणारी माणसे दरवर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा भरत नाहीत. पण त्याआधी एका पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, हिवतापाच्या भागातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर परवानगी घेऊन महिनाभर जा. तिथल्या जुन्या तंत्रज्ञाशेजारी बसा. जाड थेंब कसा पसरायचा, किती वाळवायचा, रंग किती वेळ ठेवायचा हे हाताने करा. काचपट्टी निगेटिव्ह म्हणण्याआधी शंभर क्षेत्रे मोजा, रोज पन्नास पट्ट्या बघून डोळे दुखायला लागले तरी मोजा. आणि आठवड्यातून दोन दिवस आशाताईबरोबर पाड्यावर जा, ज्यांना ताप नाही त्यांच्या घरी. बोट पुढे करायला ते नाही म्हणतील. का नाही म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मला पाठवा.